गुरांची सांथ आणि गांवाची वेस

युद्धांचा, तहांचा आणि राजघराण्यांचा इतिहास लिहिला जातो. गुरांच्या रोगांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. तथापि ज्या देशांत नांगर बैलानें ओढला, मोट बैलानें ओढली आणि धान्य बैलाच्या पाठीवरून घाट चढलें व उतरलें, त्या देशाच्या संसाराचा निम्मा इतिहास गोठ्यांतच घडलेला आहे. गोठ्यांत रोग शिरला कीं तो तेथेंच राहत नाहीं. तो शेतांत जातो, शेतांतून घरच्या कणगींत जातो आणि शेवटीं सावकाराच्या वहींत जाऊन बसतो. अशा रोगांपैकीं दोन रोगांनीं हिंदुस्थानांतील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळलें. एक बुळकांड्या आणि दुसरा लाळ-खुरकूत. पहिला पृथ्वीच्या पाठीवरून नाहींसा झाला. दुसरा अद्याप आहे, आणि त्याला घालवून देण्याचा देशव्यापी उद्योग चालू आहे. पहिला कां गेला आणि दुसरा कां जात नाहीं हें समजून घेण्यासाठीं सगळा देश पालथा घालण्याची जरूर नाहीं. रायगड जिल्ह्यांतील कर्जत आणि खालापूर हे बोरघाटाच्या पायथ्याचे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले तरी पुरेसें आहे.

हे दोन तालुके समुद्रापासून आंत, सह्याद्रीच्या कुशींत वसलेले आहेत. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस माथेरान व प्रबळगड यांचे डोंगर आणि मध्यें भाताचीं खाचरें. राजमाचीच्या परिसरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत-नेरळवरून कल्याणकडे वाहत जाते. पाताळगंगा खालापुरांतून पश्चिमेकडे खाडीची वाट धरते. एकोणिसाव्या शतकांत कर्जत हा ठाणें जिल्ह्याचा तालुका होता आणि खालापूर त्याचा पेठा. पुढें दोन्ही कुलाबा जिल्ह्यांत आले, आणि त्या जिल्ह्याचें नांव १९८१ मध्यें रायगड असें झालें. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, धनगर असे नाना तऱ्हेचे लोक येथें राहतात. बहुतेकांची शेती थोडी, तीही पावसावरची. आणि पूर्वीं त्या शेतीचें सगळें बळ दोन बैलांच्या किंवा दोन रेड्यांच्या खांद्यावर असे.

या मुलुखाचें वैशिष्ट्य असें कीं तो वाटेवरचा मुलूख आहे. घाटावरून कोंकणांत उतरणाऱ्या बोरघाट, कुसूर, भीमाशंकर वगैरे वाटा येथेंच येऊन पोहोंचतात. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून खालीं येत आणि मीठ लादून वर जात. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेलें तळें आणि देऊळ अद्याप उभें आहे. घाट चढण्यापूर्वीं वाटसरांना पाण्याची सोय व्हावी हा त्यांतील हेतु उघड आहे. १८३० मध्यें सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्यें आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्यें ती घाट चढून खंडाळ्यास गेली. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यांत गेला, तरी गुरांची जा-ये थांबली नाहीं. दिवाळी झाली कीं घाटावरचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन कोंकणांत उतरतात, कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवितात, आणि मृगाच्या आधीं पुन्हां वर जातात. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत म्हसें येथें पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील बैलबाजार सर्व उत्तर कोंकणांत प्रसिद्ध आहे.

धान्य, मीठ, मेंढ्या आणि बैल ज्या वाटांनीं आले, त्याच वाटांनीं रोगही आला. वाटेवरच्या गांवाला वाटेचा लाभ होतो तसा तिचा प्रसादही मिळतो.

लाळ-खुरकूत हा रोग ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, जीं जीं दुभंगलेल्या खुरांचीं जनावरें, त्या सर्वांना तो होतो. प्रथम ताप येतो. जनावर रवंथ सोडतें. ओठांतून दोरीसारखी लाळ लोंबूं लागते. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यांत आणि कासेवर फोड येतात. ते फुटले कीं जिभेची साल सोलून निघते आणि जनावराला घांस घेववत नाहीं, पाऊल टाकवत नाहीं. म्हणूनच कोणी त्याला लाळ्या म्हणतात, कोणी खुरी म्हणतात. मोठीं जनावरें या रोगानें फारशीं मरत नाहींत. वासरें मात्र मरतात, कारण रोग त्यांच्या हृदयाच्या स्नायूंवर घाव घालतो. मेलेल्या वासराचें हृदय उघडून पाहिलें तर त्यावर वाघाच्या कातड्यासारखे पट्टे दिसतात.

मोठें जनावर मरत नाहीं, येथेंच या रोगाचें खरें कपट आहे. बुळकांड्यानें गोठा एका आठवड्यांत रिकामा होई. त्याची दहशत सरकारदरबारापर्यंत पोहोंचे. लाळ-खुरकूत जनावराला जिवंत ठेवते आणि धन्याला बुडविते. भातशेतीच्या मुलुखांत तर तिची वेळ फार वाईट. आषाढांत राबांतलीं रोपें तयार झालेलीं असतात, खाचरांत पाणी तुंबलेलें असतें, आणि चिखळणी करून आवण लावावयाचें असतें. त्या आठ-पंधरा दिवसांत बैल लंगडा झाला तर चिखलांत त्याच्या खुरांच्या जखमा चिघळतात, त्यांत किडे पडतात. एका बैलानें नांगर चालत नाहीं. म्हणून जोडींतला एक बसला कीं दुसराही उभा राहतो. शेजाऱ्याचा बैल वारंगुळ्यानें आणावा तर रोग त्याच्याही गोठ्यांत जातो. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. रोपें राबांतच म्हातारीं होतात आणि वर्षाचें भात हातचें जातें. गाय बरी झाली तरी तिचें दूध पूर्वीसारखें येत नाहीं. कित्येक जनावरें पुढें उन्हांत धापा टाकीत राहतात आणि कामाचीं राहत नाहींत. सरकारी मृत्युपत्रकांत यांपैकीं एकाही गोष्टीची नोंद होत नसे.

अशा संकटावर गांवानें काय उपाय योजिले? तुरटीच्या किंवा मिठाच्या पाण्यानें तोंड धुणें, खुरांना डांबर लावणें, मऊ पेज पाजणें हे घरगुती उपाय होते, आणि ते जखमेपुरते चांगलेच होते. दुसरा उपाय देवाचा. गांवावर रोगराई आली कीं तो ग्रामदेवतेचा कोप समजून ती पीडा गाड्यांत घालून वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडण्याची चाल कोंकणांत होती. गाडा पुढच्या गांवाच्या शिवेंत गेला कीं हें गांव सुटलें असें मानीत. पुढचें गांव तोच गाडा त्याच्या पुढच्या शिवेंत लोटी. या चालीस आज हंसणें सोपें आहे. परंतु तिच्यांत एक मोठी समजूत आणि एक मोठी चूक, दोन्ही एकत्र नांदत होत्या. रोग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातो ही समजूत अगदीं बरोबर होती. तो पलीकडे गेला म्हणजे आपण सुटलों ही चूक होती. रोगाच्या निर्मूलनाचा पुढचा सव्वाशें-दीडशें वर्षांचा इतिहास म्हणजे ही चूक सावकाश दुरुस्त होत गेल्याचा इतिहास होय.

सरकारचें लक्ष प्रथम बुळकांड्याकडे वळलें. गुरांच्या सांथींची चौकशी करण्याकरितां हॅलन या पशुवैद्याच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल १८७१ मध्यें बाहेर पडला. रोग ओळखणारीं माणसें देशांत नाहींत ही उणीव हळूहळू सर्वांना पटूं लागली. २ ऑगस्ट १८८६ रोजीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें कॉलेज निघालें. त्याला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाच्या गुरांच्या इस्पितळाची जोड होती. ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड याची तिच्यावर नेमणूक झाली. कर्जतहून पुढचा घाट चढला कीं पुणें. म्हणजे देशांतील गुरांच्या रोगांचें शास्त्रीय संशोधन या दोन तालुक्यांच्या डोक्यावरच सुरू झालें असें म्हणतां येईल. परंतु भरवस्तींत भयंकर रोगांचे जंतु बाळगणें धोक्याचें म्हणून १८९३ मध्यें ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या पहाडांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. १८९७ मध्यें जगप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें तेथें भेट दिली. आज तिला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणतात.

त्याच सुमारास जर्मनींत लाळ-खुरकुतीवर जो शोध लागला, त्यानें केवळ गुरांच्याच नव्हे तर मनुष्याच्याही वैद्यकाला कलाटणी दिली. फ्रीडरिख लोफ्लर आणि पॉल फ्रॉश या दोघांनीं रोगी जनावराच्या फोडांतील पाणी घेतलें आणि तें अतिशय बारीक गाळणींतून गाळलें. त्या गाळणींतून कोणताही ठाऊक असलेला जंतु पार जात नसे. तरीही गाळून आलेलें स्वच्छ पाणी निरोगी वासरास टोंचतांच त्याला रोग झाला. म्हणजे रोगाचें मूळ सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या जंतूंहूनही लहान होतें. १८९८ सालचा हा शोध. जनावरांना होणाऱ्या रोगाचें मूळ विषाणु आहे हें प्रथमच सिद्ध झालें, आणि तो मान देवी किंवा पिसाळ या भयानक रोगांना न मिळतां गोठ्यांतल्या लाळ्याला मिळाला.

मूळ सांपडलें, तरी इलाज सांपडण्यास पुष्कळ अवकाश होता. तोपर्यंत बुळकांड्याची कथा वेगानें पुढें गेली. मुक्तेश्वरास एडवर्ड्स यानें १९२० नंतरच्या दशकांत बुळकांड्याचा विषाणु बकऱ्यांच्या शरीरांतून पुनःपुन्हां नेऊन मवाळ केला आणि त्याची लस बनविली. ही लस स्वस्त होती, आणि एकदां टोंचली कीं जनावर जन्मभर सुरक्षित राही. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्यें बुळकांड्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. गांवोगांव लस टोंचणारे फिरले. सांथी कमी झाल्या, तरी रोग दक्षिणेंत कोठें कोठें दबा धरून राहिला. १९९२ पासून पुन्हां जोराची मोहीम झाली, आणि १९९५ मध्यें भारतांत या रोगाची शेवटची नोंद झाली. त्यानंतर लस टोंचणें मुद्दाम थांबविण्यांत आलें, कारण रोग खरोखर गेला आहे कीं लसीच्या आड लपला आहे हें पाहावयाचें होतें. २००६ मध्यें भारत बुळकांड्याच्या संसर्गापासून मुक्त झाल्याचें आंतरराष्ट्रीय संस्थेनें मान्य केलें. २०११ मध्यें सर्व जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें. मनुष्याच्या देवीनंतर मानवानें पृथ्वीवरून घालविलेला हा दुसरा रोग.

मग जी युक्ति बुळकांड्यावर चालली ती लाळ-खुरकुतीवर कां चालूं नये? या प्रश्नाचें उत्तर दोन रोगांच्या स्वभावांत आहे. बुळकांड्याचा विषाणु एकाच जातीचा होता. लाळ-खुरकुतीचे सात प्रकार आहेत. १९२२ मध्यें फ्रान्सांत ओ आणि ए हे दोन ओळखले गेले, १९२६ मध्यें जर्मनींत सी ओळखला गेला. पुढें आफ्रिकेंतील तीन आणि आशिया-१ हा एक यांची भर पडली. एका प्रकारापासून बरें झालेलें जनावर दुसऱ्या प्रकाराला पुन्हां बळी पडतें. एका चोराला ओळखणारा कुत्रा दुसऱ्या चोरावर भुंकत नाहीं, तसा हा प्रकार आहे. भारतांत मुख्यतः ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आढळतात. सी प्रकार १९९५ नंतर आढळलेला नाहीं. दुसरी अडचण अशी कीं लसीनें येणारी शक्ति सहा महिन्यांच्या आसपास ओसरते. तिसरी अशी कीं लाळ गळूं लागण्यापूर्वींच जनावर रोग पसरूं लागतें, आणि बऱ्या झालेल्या कांहीं गुरांच्या घशांत विषाणु महिनोन्‌महिने राहतो. चौथी अशी कीं शेळ्यामेंढ्यांत रोग इतका सौम्य असतो कीं धनगराच्या ध्यानांतही येत नाहीं. मेंढी दोन दिवस लंगडते आणि कळपाबरोबर पुढच्या गांवीं जाते.

या रोगाशीं झगडण्याच्या जगांत दोन रीती पडल्या. एक इंग्लंडची. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रोगी जनावर आणि त्याच्या सहवासांतील सर्व जनावरें मारून पुरण्याची किंवा जाळण्याची पद्धति आहे. बेट असल्यामुळें ती तेथें चालली. परंतु २००१ च्या सांथींत साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं, आणि शेतांशेतांतून पेटलेल्या चितांचीं चित्रें जगानें पाहिलीं. दुसरी रीत लसीची. १९३८ च्या सुमारास जर्मनींत वाल्डमान आणि त्याचे सहकारी यांनीं निष्प्राण केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९४७ मध्यें हॉलंडांत फ्रेंकेल यानें कत्तलखान्यांतून आणलेल्या गुरांच्या जिभांच्या सालींवर विषाणु वाढविण्याची युक्ति काढली, आणि लस मोठ्या प्रमाणावर होऊं लागली. पुढें १९६० नंतर कांचेच्या व पोलादाच्या भांड्यांत वाढविलेल्या पेशी वापरण्यांत आल्या. युरोपांतील कित्येक देशांनीं वर्षानुवर्षें लस टोंचून रोग इतका कमी केला कीं १९९१-९२ मध्यें तेथें लस बंद करतां आली.

भारताला पहिली रीत घेणें शक्यच नव्हतें. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें या देशांत सुमारें ५३ कोटी ५८ लक्ष पशुधन आहे. त्यांत गाईबैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी-रेडे सुमारें ११ कोटी. ज्याच्या घरीं दोन बैल आणि एक गाय एवढीच दौलत आहे, त्याला त्या मारून टाक असें सांगणारें सरकार टिकणार नाहीं. आणि गाईच्या बाबतींत धर्मबुद्धि आड येतेच. म्हणून लसीचाच मार्ग राहिला. १९६८ मध्यें या रोगाच्या प्रकारांचा माग ठेवणारी संशोधन-योजना सुरू झाली. २००३-०४ मध्यें महाराष्ट्रासह आठ राज्यांतील ५४ जिल्ह्यांत दर सहा महिन्यांनीं लस टोंचण्याचा नियंत्रण-कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१०-११ पासून जिल्ह्यांची संख्या २२१ पर्यंत वाढविण्यांत आली. पण आजूबाजूचे जिल्हे मोकळे ठेवून मधल्या जिल्ह्यांत लस टोंचणें म्हणजे पुन्हां गाडा शेजारच्या शिवेंत लोटण्यासारखेंच होतें. २०१३ मध्यें कर्नाटकांत व दक्षिणेच्या इतर भागांत या रोगाची जबर सांथ आली आणि हजारों जनावरें दगावलीं, तेव्हां हें सर्वांच्या ध्यानीं आलें.

यानंतर ११ सप्टेंबर २०१९ रोजीं मथुरेस प्रधानमंत्र्यांच्या हस्तें राष्ट्रीय पशुरोग-नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. लाळ-खुरकूत आणि गर्भपात घडविणारा ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठीं पांच वर्षांकरितां १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद करण्यांत आली, आणि सर्व खर्च केंद्र सरकारनें उचलला. गाईम्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या आणि डुकरें मिळून पन्नास कोटींवर जनावरांना लस टोंचावयाची. प्रत्येक जनावराच्या कानांत बारा आंकड्यांचा पिवळा बिल्ला लावावयाचा. लस केव्हां टोंचली याची नोंद त्या आंकड्याखालीं ठेवावयाची. लसीच्या बळावर २०२५ पर्यंत रोग आटोक्यांत आणावा आणि २०३० पर्यंत त्याचें निर्मूलन करावें असा या कार्यक्रमाचा संकल्प आहे. जिल्हा निवडण्याची पद्धत गेली. सगळा देश हीच एक शीव ठरली.

दिल्लींत ठरलेला असा संकल्प कर्जत-खालापुरांत येऊन पोहोंचतो, तेव्हां त्याला डोंगर चढावे लागतात. ही लस दोन ते आठ अंश उष्णतामानांत ठेवावी लागते. ती तापली तर निकामी होते आणि गोठली तरीही निकामी होते. कारखान्यापासून जिल्ह्याच्या शीतगृहापर्यंत आणि तेथून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंत ती विजेच्या आधारानें येते. पुढें मात्र बर्फाची पेटी आणि माणसाचा खांदा. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळून खालापूर तालुक्यांतील जी इर्शाळवाडी गाडली गेली, तेथें मदत घेऊन जाणाऱ्यांना डोंगर पायींच चढावा लागला, हें सर्व महाराष्ट्रानें पाहिलें आहे. ज्या वाटेवरून माणसांची मदत इतक्या कष्टानें जाते, त्याच तऱ्हेच्या वाटेवरून लसीची पेटी जावयाची असते. आणि ती एकदां नव्हे, दर सहा महिन्यांनीं. वाडीवर पोहोंचल्यावरही जनावरें गोठ्यांत असतीलच असें नाहीं. सकाळीं उशीर झाला तर तीं डोंगरांत चरावयास गेलेलीं असतात.

मनुष्यस्वभावाची अडचणही आहेच. टोंचलेल्या गाईला एखादा दिवस ताप येतो, दूध थोडें कमी होतें. तेवढ्यावरून लसच नको असें म्हणणारे निघतात. गाभण गाय लपविली जाते. कानाला भोंक पाडून बिल्ला लावणें कित्येकांस आवडत नाहीं. ज्या रोगानें जनावर मरत नाहीं, त्याच्यासाठीं वर्षांतून दोनदां सुई कशाला, हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. तो हिशेबी माणसाचा आहे. त्याचें उत्तरही हिशेबानेंच दिलें पाहिजे. चिखळणीच्या दिवसांत बसलेल्या बैलाची किंमत किती, भाड्यानें आणलेल्या नांगराची किंमत किती, सुकलेल्या आवणाची किंमत किती, हें मांडून दाखविलें कीं एका दिवसाच्या घटलेल्या दुधाचा हिशेब फार लहान ठरतो. आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्राचा नांगर आला आहे, परंतु त्यामुळें गरज कमी झाली असें नाहीं. बैल गेला तेथें दुधाची म्हैस आली, आणि या रोगाचा पहिला घाला दुधावरच पडतो.

सर्वांत नाजूक धागा मेंढ्यांचा आहे. पूर्वीच्या योजनांचा भर मुख्यतः गाईम्हशींवर होता. घाटावरचा कळप कार्तिकांत खालीं उतरतो तेव्हां त्याच्या गांवीं लस टोंचणारा आला तर कळप तेथें नसतो. वैशाखांत तो वर जाण्याच्या घाईंत असतो तेव्हां खालच्या तालुक्याला तो परका असतो. दोन जिल्ह्यांच्या दोन नोंदवह्यांच्या मधल्या घडींत हजारों मेंढ्या राहून जाऊं शकतात, आणि रोगाला एवढी घडी पुरते. म्हणून कळपाची नोंद गांवावरून न करतां जनावराच्या कानावरून करण्याची कल्पना कागदी वाटली तरी फार खोल आहे. फिरत्या जनावराला गांव नसतें, कान असतो.

बाजाराचेंही तेंच. म्हशाच्या यात्रेसारख्या बाजारांत दहा तालुक्यांतील बैल एका मैदानांत नाकाला नाक लावून उभे राहतात, आणि दोन दिवसांत पुन्हां दहा तालुक्यांत पांगतात. एक लाळ गाळणारा बैल तेवढ्यांत शंभर गोठे गांठूं शकतो. बाजार बंद केला कीं शेतकऱ्याची खरेदी-विक्री थांबते. चालू ठेवला कीं रोगाची. २०२२ मध्यें लम्पी हा त्वचारोग महाराष्ट्रांत पसरला तेव्हां सरकारला गुरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर बंदी घालावी लागली, आणि आधीं सुरक्षित राहणें स्वस्त कीं मागून बंदी सोसणें स्वस्त, याचा धडा सर्वांनाच मिळाला. महाराष्ट्र शासनानें १ जून २०२४ पासून कानांत बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली, ती याच विचारानें. ज्या बाजारांत बिल्ला पाहिल्याशिवाय बैल आंत घेत नाहींत, तो बाजार बंद ठेवण्याची पाळी कमी येते.

लस टोंचली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ती लागू पडली कीं नाहीं हें पाहावें लागतें. म्हणून कांहीं जनावरांचें रक्त काढून त्यांत रोगप्रतिकारक द्रव्य किती आलें हें तपासतात. याहून महत्त्वाची दुसरी परीक्षा. लसीनें शक्ति आलेलें जनावर आणि रोग होऊन गेलेलें जनावर वरून सारखींच दिसतात. परंतु विषाणु शरीरांत खरोखर वाढला असेल तर रक्तांत आणखी कांहीं वेगळ्या खुणा राहतात, आणि स्वच्छ केलेल्या लसीनें त्या येत नाहींत. त्या खुणांवरून चोर घरांत येऊन गेला कीं नाहीं हें कळतें. वर्षानुवर्षें अशा खुणा कमी होत गेल्या म्हणजे तो प्रदेश प्रथम लसीसह रोगमुक्त आणि पुढें लसीवांचून रोगमुक्त ठरविण्याचा आंतरराष्ट्रीय क्रम आहे. ब्राझील हा गुरांचा अफाट देश. त्यानें अनेक दशकें लस टोंचली आणि मे २०२५ मध्यें लसीवांचून रोगमुक्त अशी मान्यता मिळविली. म्हणजे मोठ्या देशाला हें अशक्य नाहीं. परंतु त्याच वर्षीं जानेवारींत जर्मनींत, जेथें लोफ्लरनें शोध लाविला त्याच देशांत, १९८८ नंतर प्रथमच हा रोग पुन्हां म्हशींच्या एका कळपांत उद्भवला. तेव्हां एकदां मिळविलेली मुक्ति राखावीही लागते.

शहरांतील सुशिक्षित घराला हा विषय दूरचा वाटेल. सकाळीं दारांत येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर लाळ्याचें नांव लिहिलेलें नसतें. हा रोग माणसाला सहसा बाधत नाहीं, आणि उकळलेल्या दुधानें कोणाला कांहीं होत नाहीं. तरीही त्या पिशवींत किती दूध येईल आणि काय भावानें येईल, हें पुष्कळ अंशीं कोठल्या तरी गोठ्यांतील खुरांवर अवलंबून आहे. ज्या देशांत हा रोग आहे तेथून जनावरें, मांस आणि दुधाचे पदार्थ घेण्यास पुष्कळ देश नकार देतात. त्यामुळें शेतकऱ्याच्या मालाला बाहेरचा चांगला भाव मिळत नाहीं. आणि सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याहून कर्जत-नेरळकडे जे लोक जातात, त्यांच्या जोड्यांना व गाड्यांच्या चाकांना लागलेला गोठ्याचा चिखलही हा रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवास नेऊं शकतो. धुण्याच्या सोड्याचें पाणी या विषाणूला मारतें; इतका साधा उपाय हाताशीं असतांना तो करीत नाहींत, ही सुशिक्षितांची उणीव म्हटली पाहिजे.

बुळकांड्यावरचा जय राजधानींतल्या एखाद्या मोठ्या माणसानें मिळविला नाहीं. तो पेटी खांद्यावर घेऊन चिखल तुडवीत गेलेल्या, इतिहासांत नांव नसलेल्या टोंचणाऱ्यांनीं मिळविला. आणि जनावर धरून उभ्या राहिलेल्या गांवकऱ्यांनीं मिळविला. लाळ-खुरकुतीचा जय त्याहून कठीण आहे, कारण येथें एकदां जाऊन भागत नाहीं, पुनःपुन्हां जावें लागतें. आणि माणसाला एकदां शौर्य दाखविणें सोपें वाटतें, दर सहा महिन्यांनीं तेंच काम करणें अवघड वाटतें. शंभरांतील नव्वद जनावरें टोंचलीं आणि दहा डोंगरांत राहिलीं, तर रोग त्या दहांत वस्ती करून पुढच्या पावसाची वाट पाहतो. म्हणून या कामाची परीक्षा रस्त्यालगतच्या मोठ्या गोठ्यांत होणार नाहीं. ती उल्हासेच्या उगमाकडच्या शेवटच्या वाडींत, पायवाट संपते तेथें बांधलेल्या एका शेळीपाशीं होणार आहे. तिच्यापर्यंत पेटी पोहोंचली तर देशाची वेस राखली गेली. ती पोहोंचली नाहीं, तर गाडा अजून शेजारच्या शिवेंतच उभा आहे असें समजावें.